अंगतपंगतीला काय न्यायचं? माझे ठरलेले डबे

येत्या रविवारी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत अंगतपंगत आहे आणि सोमवारपासूनच ग्रुपवर ‘मी काय आणू, मी काय आणू’ सुरू झालंय. मला ही अंगतपंगत मनापासून आवडते, प्रत्येकाने आपापल्या घरचं एक काहीतरी आणायचं, सतरंज्या टाकायच्या, सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. गोपाळकाला म्हणजे तरी दुसरं काय, कृष्ण आणि सवंगडी रानात बसले आणि ज्याच्या शिदोरीत जे होतं ते एकत्र कालवलं, म्हणून तर काल्यात पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, लोणच्याची फोड असं कुठूनकुठून आलेलं सगळं असतं आणि तरी ते एकच लागतं.

पण मध्यंतरी आमच्याकडे एक गोष्ट झाली. कोणीतरी हॉटेलातून पनीरची भाजी मागवली, पुढच्या वेळी दुसऱ्याने बिर्याणीचा हंडा, मग केक, आणि खालच्या मजल्यावरची एक ताई हळूहळू येईनाशीच झाली. तिच्या घरी त्या वर्षी पैशांची ओढाताण होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘अगं मी काय आणू, ताटात शोभायला पाहिजे ना.’ मला फार वाईट वाटलं. त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं की यापुढे विकतचं काही नको, घरात जे सामान असतं त्यातलंच करायचं आणि खर्च 150 रुपयांच्या आत. एकानेही नाही म्हटलं नाही, उलट दोघीतिघींनी खासगीत थँक्यू लिहिलं, म्हणजे ओझं सगळ्यांनाच होत होतं. ती ताई तेव्हापासून दर वेळी पातेलंभर ताक आणते, अर्धा लिटर दही छान घुसळून दोन लिटर ताक, त्यात आलं, जिऱ्याची पूड, हिंग, कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात तर सगळे आधी तिकडेच वळतात.

आता डब्यांचं. माझी कसोटी एकच, तीन तासांनी गार झालेलं असताना चांगलं लागतं का? साबुदाण्याची खिचडी गार झाली की चिवट होते, पुऱ्या वातड होतात, भजी मऊ पडतात, रस्सा जिन्यातच सांडतो. त्यामुळे हे पदार्थ घरी कितीही छान होत असले तरी मी नेत नाही.

माझा पहिला नंबर वाटल्या डाळीचा. ही खरी गणपतीच्या विसर्जनाची आणि भोंडल्याची खिरापत, लहानपणी आम्ही डबा कानाशी हलवून ओळखायचो, वाजला नाही की ‘डाळ डाळ’ म्हणून ओरडायचो. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ सगळ्या पंगतीला डावी बाजू म्हणून सहज पुरते. डाळ चार-पाच तास भिजवायची, पूर्ण निथळायची, हिरव्या मिरच्या, आलं, जिरं घालून पाणी न घालता भरड वाटायची. मिक्सर थांबत थांबत चालवा, एकदा का गंध झाला की मग ती मोकळी होत नाही. आता आईची युक्ती, वाटलेली डाळ तशीच फोडणीत टाकली तर तेल भरपूर लागतं आणि हलवून हलवून हात भरून येतो, म्हणून आई ती डब्यात पसरून कुकरमध्ये शिट्टी न लावता दहा-बारा मिनिटं वाफवायची, गार झाली की हाताने मोकळी करायची आणि मगच मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याच्या फोडणीत घालायची. बोटांमध्ये तिचे रव्यासारखे दाणे सुटायला लागले की समजायचं जमली. मीठ, साखर, शेवटी लिंबू. ओलं खोबरं मात्र उन्हाळ्यात घरून घालून नेऊ नका, लवकर खराब होतं, छोट्या डबीत वेगळं न्या आणि वाढताना पेरा.

वेळ अजिबात नसेल तर दडपे पोहे. गॅस लागतो तो फक्त फोडणीपुरता. पातळ पोहे अर्धा किलो, एक नारळ, तीन कांदे बारीक चिरून, मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू. पोहे धुवायचे नाहीत, नारळ फोडल्यावर जे पाणी निघतं ते शिंपडायचं, कांदा आणि खोबऱ्याचा ओलावा असतोच, सगळं हलक्या हाताने कालवायचं आणि वर ताटली ठेवून ताटलीवर खलबत्ता. वीस मिनिटं दडपून ठेवलं की पोहे मऊ होतात पण लगदा होत नाही. फोडणीचे शेंगदाणे मी वेगळे नेते आणि तिथेच मिसळते, पापडही तिथेच चुरायचा. हा सगळा खर्च आमच्याकडे सव्वाशेच्या आत बसतो.

दहीभाताबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण त्यात बऱ्याच जणींचं चुकतं. घरून भरपूर दही घालून नेलं की जेवायच्या वेळेपर्यंत भात आंबट आणि घट्ट गोळा होऊन बसतो. भात नेहमीपेक्षा मऊ शिजवा, गरम असतानाच डावाने घोटा, कोमट झाला की त्यात दूध घाला, चांगलं सैलसर होईल इतकं, आणि दही फक्त दोन चमचे, विरजणाला घालतो तसं. जाईपर्यंत दूध विरजायला सुरुवात होते आणि पानात पडतो तेव्हा भात ताज्या दह्यासारखा गोड असतो. वर मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता आणि तळलेली सांडगी मिरची कुस्करून. लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोघंही हाच भात मागून घेतात, बाकीचं तिखट असतं ना.

कोशिंबीर न्यायची तर खमंग काकडी, पण एक लक्षात ठेवा, मीठ आणि शेंगदाण्याचं कूट तिथे गेल्यावरच घालायचं, नाहीतर डबा उघडला की अर्धं पाणीच असतं. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ पण चांगली, वाटीभर मटकीला मोड आले की भांडं भरतं, गोडा मसाला आणि गुळाचा खडा टाकला की झालं.

आणि हो, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरांत कांदा-लसूण चालत नाही. म्हणून डब्यांच्या झाकणावर आम्ही कागदाची पट्टी चिकटवतो, पदार्थाचं नाव आणि ‘कांदा-लसूण आहे’ किंवा ‘नाही’. त्यांना दर डब्यापाशी विचारत फिरावं लागू नये एवढंच. वाटली डाळ आणि दहीभात त्यांना बिनधास्त चालतो, आणखी एक कारण हे दोन मी सारखे नेते त्याचं. आपला वाढायचा डाव डब्याबरोबरच न्या, आमच्याकडे दहा डबे आणि तीनच चमचे असं झालंय एकदा.

या रविवारी माझी डाळच आहे. शनिवारी रात्री झोपताना भिजवली तर सकाळपर्यंत फार फुगते आणि वाटताना चिकट होते, म्हणून पहाटे पाचचा अलार्म लावणार, डाळ पाण्यात टाकून परत झोपणार आणि दहाला वाटायला घेणार.