लाकडावर लाकूड: माझ्या दुर्बिणीची बेअरिंग

शनी दीडशे पट मोठा करून पाहायचा, तर पृथ्वी फिरत असल्यानं तो दृष्टिक्षेत्रातून दीड मिनिटाच्या आत निसटतो. म्हणजे दुर्बीण हातानं सतत केसभर ढकलत राहायची. आरसा कितीही चांगला असो, ढकलताना नळीनं हिसका दिला की सगळं मुसळ केरात. म्हणून माझ्या 6 इंची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत आरशाखालोखाल जीव ओतला तो बेअरिंगमध्ये, म्हणजे नळी आणि बैठक ज्यांवर टेकून फिरतात त्या भागांत.

बैठक डॉब्सोनियन. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ज्या प्लायवूडच्या बैठकीवरून आकाश दाखवत, तीच. तिच्यात बेअरिंगसाठी सहसा टेफ्लॉन या निसरड्या प्लॅस्टिकचे तुकडे वापरतात. मला मात्र सगळं सुताराच्या दुकानातच जमवायचं होतं, म्हणून सागवानाचे ठोकळे घेतले.

सुतारकाका म्हणाले, "ताई, बॉल बेअरिंग टाका की, मस्त फिरेल."

"काका, नुसतं फिरून चालणार नाही. सोडलं तिथं थांबायलाही हवं."

बॉल बेअरिंगवर नळी वाऱ्यानंही हलते, जड आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावली की झुकते. इथं घर्षण हवंच असतं. अडचण आहे ती सुटतानाच्या घर्षणाची: ते सरकतानाच्या घर्षणापेक्षा बरंच जास्त असलं की नळी आधी अडते, मग उडी मारते.

नळीच्या दोन बाजूंना बसणाऱ्या आणि ठोकळ्यांवर टेकून फिरणाऱ्या 19 मिलिमीटर प्लायच्या दोन चकत्या एकमेकींना स्क्रूनं जोडून एकत्रच कापल्या आणि घासल्या, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या. व्यास 20 सेंटिमीटर ठेवला. छोट्या चकतीवर घर्षणाची पकड कमी पडते आणि नळीचा तोल थोडा बिघडला तरी ती घसरते. कडा बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या, त्यांवर आणि ठोकळ्यांवर साधी मेणबत्ती चोळली आणि फडक्यानं पुसून काढली. मेणाचा थर जाड राहिला तर चिकटतो.

खालच्या फिरत्या फळीचे तीन ठोकळे बरोबर तीन पायांच्या वर बसवले, त्यामुळे वजन थेट जमिनीत जातं आणि फळी वाकत नाही. मधला बोल्ट फक्त जागा धरून ठेवतो, भार घेत नाही. तो आवळला तर फिरणं जड होतं, म्हणून किंचित सैलच ठेवलाय.

आता शनी एका बोटानं धरून ठेवता येतो. पावसाळ्यात ठोकळे थोडे फुगतात, मग पुन्हा घासून मेण चोळावं लागतं. पुढच्या 8 इंचीला चकत्या 30 सेंटिमीटरच्या करणार आहे. लाकूड मात्र हेच.