कोटूइटच्या मैदानावर वही-पेन्सिल घेऊन

बॉस्टनजवळ राहायला येऊन बारा वर्षं झाली, बेसबॉलचं वेडही तेवढंच जुनं. पण घरातल्या चौघांनी मोठ्या लीगची मॅच बघायची म्हटलं की तिकिटं, पार्किंग आणि हॉटडॉगमध्ये महिन्याचा किराणा जातो. एवढं करून जागा मिळते ती अशी, की पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, काडेपेटीएवढा दिसतो आणि आपण मान वर करून स्क्रीनच बघत बसतो.

मागच्या उन्हाळ्यात डोंबिवलीहून बाबा आले आणि मी ठरवलं, यंदा केप कॉड लीग, म्हणजे इथल्या किनाऱ्यावरची उन्हाळी बेसबॉल लीग. दहा गावांचे दहा संघ. खेळणारी मुलं देशभरातल्या कॉलेजांमधली. पगार नाही, राहणं गावातल्याच कुटुंबांकडे. यांकीजचा स्टार फलंदाज ॲरन जज २०१२मध्ये ब्रूस्टरकडून इथे खेळून गेलाय. तिकीट नाही. मध्येच देणग्यांसाठी डबा फिरतो, त्यात जमेल ते टाकायचं. आपली खुर्ची आपण न्यायची.

केपवर नेणाऱ्या सॅगमोर पुलावरच्या ट्रॅफिकने दीड तास खाल्ला, त्यामुळे कोटूइट गावच्या लोएल पार्कला पोचलो तेव्हा दुसरी इनिंग चालू होती. भोवती झाडी, मधे मैदान. आम्ही खुर्च्या मांडल्या आणि पहिल्याच फटक्याला बाबा दचकले. "अगं, हा तर आपला आवाज!" कॉलेजात ही मुलं धातूची बॅट वापरतात, तिचा टणत्कार वेगळा. इथे १९८५पासून लाकडी बॅट आहे. लाकडावर मुलगा टिकतो का, हे बघायला मोठ्या संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, येऊन बसतात.

बाबांनी बँकेच्या टीमसाठी आझाद मैदानावर वीस वर्षं स्कोअर लिहिलाय. त्यांना नुसतं बसवेना. शेजारच्या खुर्चीतल्या आजी वही मांडीवर घेऊन भराभर काहीतरी खरडत होत्या. बाबांनी डोकावून बघितलं, तर रकान्यात ६-४-३. त्यांना वाटलं, जर्सीचे नंबर. मलाही तोवर धड माहीत नव्हतं, एवढी वर्षं मी स्कोअर फक्त फोनवर बघत आले होते!

आजींनी एक कोरं पान फाडून दिलं आणि शिकवणी सुरू झाली. नंबर जागांचे: पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस (धावताना गाठायचे टप्पे) ३, ४, ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६, आउटफिल्ड, म्हणजे लांबचे तिघे, डावीकडून ७, ८, ९. म्हणजे ६-४-३ हा चेंडूचा प्रवास: शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे दिला, त्याने पहिल्याकडे, दोन बाद. स्ट्राइक म्हणजे हुकलेला किंवा खेळण्याजोगा असून सोडलेला चेंडू; तीन झाल्या की स्ट्राइकआउट, त्याला इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद झाला, तर के उलटा काढायचा. हा उलटा के बाबांना फार आवडला. "नांगी टाकली पोराने," म्हणत ते तो ठळक काढायचे.

पाचव्या इनिंगमध्ये घोळ झाला. तिसरी स्ट्राइक पडली, बाबांनी के लिहिला, आणि तो पठ्ठ्या पहिल्या बेसकडे धावत सुटला. "अगं, आउट झाला ना? मग पळतोय का?" कॅचरच्या हातून चेंडू निसटला होता. पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन बाद असतील, तर अशा वेळी पळायची मुभा असते. म्हणजे के खरा, पण गडी बेसवर. बाबांनी तीनदा खोडलं, पानाला भोक पडलं. हिट द्यायची, म्हणजे श्रेय फलंदाजाला, की क्षेत्ररक्षकाची चूक, यावर तर आजींशीच वाद घातला. मी मध्ये पडले नाही.

गंमत म्हणजे मला त्या दिवशी प्रत्येक खेळी आठवत होती. लिहायचं म्हटलं की सेंटरफिल्डरने दोन पावलं मागे का घेतली, तेही दिसतं.

लोएल पार्कला दिवे नाहीत. नवव्या, म्हणजे शेवटच्या ठरलेल्या इनिंगनंतरही बरोबरी राहिली आणि झाडांच्या सावल्या पिचरपर्यंत आल्या. अंपायरनी एकमेकांकडे बघितलं आणि खेळ थांबवला. या लीगमध्ये बरोबरीलाही एक गुण मिळतो, जिंकलं की दोन. बाबा खूश. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि पानाच्या तळाशी नीट मराठीत लिहिलं: "अपुऱ्या प्रकाशामुळे सामना अनिर्णित." खाली सही ठोकली आणि आजींसमोर त्यांच्या सहीसाठी पान धरलं.