शिअर बोल्ट तुटला? नवा घालण्याआधी जुना नीट बघा

हार्वेस्टर वावरात उभा, टाकी काठोकाठ, ट्रॉली नळीखाली लागलेली आणि ऑगर (टाकीतला माल नळीतून ट्रॉलीत ढकलणारा मळसूत्री दांडा) फिरत नाही. शिरूर-दौंडला गव्हाच्या काढणीत किंवा जुन्नर-खेडला सोयाबीनच्या वेळी अशी अडचण आली की ऑगरच्या जोडणीत घाईत नवा शिअर बोल्ट ठोकला जातो. तोही तुटतो. मग कुणीतरी जास्त कडक बोल्ट सुचवतं. कृपा करून हे करू नका. हा बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. तो तुटला नाही तर चेन, स्प्रॉकेट किंवा गिअरबॉक्स तुटेल. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा ताकदीचा आकडा असेल तर त्याहून कडक 10.9 घालू नका. मशीनच्या पुस्तकात जो आकार आणि जो आकडा दिलाय तोच घाला.

आधी इंजिन बंद, चावी खिशात. आता तुटलेला तुकडा उजेडात धरा. तुटलेली बाजू सगळी चकचकीत असेल तर एकदम लोड आलाय. अर्धी काळपट किंवा गंजलेली आणि उरलेली चकचकीत असेल तर चीर आधीपासूनच होती. हबची (शाफ्टवरचा ज्या तुकड्यात बोल्ट बसतो त्याची) भोकं लांबोळकी झाली असतील तर बोल्ट आत हलतो आणि दर फेरीला थोडा थोडा कापला जातो. तिथे कितीही नवे बोल्ट घाला, टिकणार नाहीत. भोकं भरून पुन्हा पाडा किंवा हब बदला.

मग पाइप पान्याने शाफ्ट चालण्याच्या दिशेने फिरवून बघा. सहज फिरला तर दोष बहुधा चालवण्यात आहे. मध्येच जड होऊन घासल्याचा आवाज आला तर शाफ्ट वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. अजिबात हलत नसेल तर नळी तुंबली आहे. खालचं साफ करायचं दार उघडा आणि काठीने माल मोकळा करा. मशीन चालू असताना तिथे हात कधीच घालू नका.

नळी तुंबते ती मुख्यतः ओल्या मालाने. दवातलं सोयाबीन रात्रभर टाकीत ठेवलं की सकाळी ते दाबून बसलेलं असतं. टाकीच्या तळाशी आडव्या ऑगरवर पत्र्याची झाकणं असतात. माल ओला असेल तर ती खाली घेऊन फट कमी करा. रिकामी व्हायला वेळ लागेल, पण ओढ बसणार नाही. बोल्ट तुटण्याचं दुसरं कारण म्हणजे पूर्ण रेसवर ऑगर जोडायचा लिव्हर ओढणं. इंजिन कमी रेसवर असताना ऑगर जोडा, मग रेस वाढवा. ट्रॉली मध्येच भरली म्हणून थांबवलात तर नळी मालाने भरलेलीच राहते, तेव्हा पुन्हा सुरू करताना हीच काळजी दुप्पट घ्या. नळी पूर्ण उघडल्याशिवाय तर लिव्हरला हातच लावू नका, आणि उघडताना वर विजेच्या तारा आहेत का ते बघा.

बोल्ट तुटत नाही, पण माल हळू पडतो? मग बेल्ट घसरतोय का ते आधी पाहा. तो ठीक असेल तर ऑगरच्या पात्याची कड चाचपा (इंजिन बंद करूनच). ती सुरीसारखी पातळ झाली असेल तर पातं आणि नळी यांच्यात फट वाढली आहे. माल मागे घसरतो आणि दाणाही फुटतो. बियाण्याचं सोयाबीन असेल तर हे नुकसान मोठं आहे, कारण साल फुटलेला दाणा नीट उगवत नाही.

हंगाम संपल्यावर नळी पूर्ण रिकामी करा, बेअरिंगला ग्रीस द्या आणि खालचं दार उघडंच ठेवा. आत पाणी साचत नाही, आणि उरलेल्या दाण्यांना कोंब फुटून पुढच्या हंगामाला पहिल्याच दिवशी बोल्ट तुटत नाही.