भाताचा डाव

रविवार, 2 नोव्हेंबर

काल दिवसभर घरातच होते. 1 नोव्हेंबर म्हटलं की बेळगावात एकीकडं लाल पिवळे झेंडे आणि डीजे, एकीकडं दंडाला काळ्या पट्ट्या, कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि आम्हा मराठी माणसांचा काळा दिवस. 1956 पासूनचं आहे हे, आमच्या आजेसासऱ्यांनी बघितलं, आता माझा मुलगा बघतोय, आणि सुप्रीम कोर्टातली सीमावादाची केससुद्धा 2004 ची. असो. आज नेमकी दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये मराठी आणि कन्नड मंडळीची एकत्र उपासना आणि नंतर प्रीतिभोजन होतं, त्यामुळं सकाळपासून पोटात गोळा.

कारण मागच्या वर्षीचं. स्वयंपाक आम्हा मराठी बायकांकडं, तांदूळ आम्ही आमच्या अंदाजानं घातला, वाढायला सुरुवातही आमच्याच बाजूनं केली आणि शेवटी कन्नड म्हाताऱ्या बसलेल्या तिथं पोचेस्तोवर पातेल्यात नुसती खरवड. एक अक्का उठून आल्या, कन्नडमधनं भराभर बोलायला लागल्या. मला सगळं कळत होतं (तीस वर्षं शेजार कन्नड, न कळायला काय झालं) तरी मी म्हटलं, मराठीत बोला की ओ. त्या गप्प झाल्या, पदर सावरला आणि गेल्या. त्यानंतर वर्षभर चर्चच्या दारात भेटलो की दोघी आपापल्या चपला बघायचो.

आज पाळकसाहेबांनी वचन घेतलं बायबलातलं, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. कितींदा वाचलंय पण आज कान तापले. यरुशलेमातली पहिली मंडळी, आणि कुरकुर कशावरनं तर रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय म्हणून. म्हणजे भाषा आणि जेवण! मग सात जण निवडले, स्तेफन, फिलिप, अंत्युखियाचा नीकलाव वगैरे, आणि सातही नावं ग्रीक. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अर्धे तुमचे अर्धे आमचे अशी कमिटी नाही केली, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिलं असं दिसतंय.

मराठीची मागणी मी सोडलेली नाही हं, आम्हाला कागद मराठीत मिळायला पाहिजेत असं मला आजही वाटतं आणि उद्याही वाटणार. पण बाहेर आम्ही थोडे म्हणून आम्हाला कोण विचारत नाही असं रडतो, आणि त्या एका स्वयंपाकघरात आम्ही जास्त होतो तर तेच केलं की. त्या बाईला भात पाहिजे होता, भाषेचं मीच काढलं.

आशीर्वाद झाल्याबरोबर मागं गेले, भाताचा डाव उचलला आणि अक्कांच्या पुढं धरला. सॉरी म्हणायचं पाठ करून गेले होते, शब्दच फुटेना. त्यांनी डाव घेतला, पातेल्याचं झाकण काढून आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का?

"इन्नू इल्ल अक्का," अजून नाही, मी म्हटलं. माझ्या कन्नडला त्या फस्सकन हसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "बस मग, मी वाढते."

आज आमची रांग शेवटी बसली, तरी भात उरला.

स्टोअरची किल्ली मात्र अजून माझ्याच पर्समध्ये आहे. ती पण त्यांच्याकडं देऊया असं नुसतं बोलले तर आमच्यातल्या दोघी आत्ताच तोंड वाकडं करून बसल्यात.