नवऱ्याच्या सहीवर अडलेलं माझं स्वनिधी कर्ज

मी सोलापुरात हातगाड्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. गाडा माझा, उधारीची वही माझी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी ज्वारी आणि शेंगदाणे भरून ठेवायचे होते, पण रोजवसुलीवाल्या सावकाराची उचल पुन्हा नको होती. म्हणून पीएम स्वनिधीचा, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेचा, अर्ज केला. पहिलं कर्ज आता १५ हजारांपर्यंत मिळतं, आधी १० होतं. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणात माझं नाव होतं, मोबाइल आधारला जोडलेला होता. अर्ज पटकन झाला.

अडलं बँकेत. टेबलावरच्या साहेबांनी कागद उघडायच्या आधीच सांगितलं, "ताई, मालकांना घेऊन या. त्यांची सही लागेल." म्हटलं, धंदा माझ्या नावावर आहे. तर म्हणे, "मग जामीनदार आणा." पुढच्या खेपेला मॅनेजर रजेवर, त्याच्या पुढच्या खेपेला सर्व्हर बंद. बँकेची वेळ तीच आमच्या गिऱ्हाइकाची. गाडा दुसरीच्या भरवशावर सोडायचा आणि रांगेत जीव टांगणीला लावून बसायचं, कुणी जागा तर बळकावली नसेल ना! घरी हे म्हणाले, "चल, करून टाकतो सही." मी नाही म्हटलं. माझ्या शेजारची मेथी-शेपू विकणारी बाई विधवा आहे, पलीकडचीचा नवरा रोज पिऊन पडलेला. त्यांनी कुणाला न्यायचं बँकेत?

शेवटी योजनेची माहिती छापून नेली, 'विनातारण' या शब्दाखाली रेघ मारली आणि मॅनेजरसमोर ठेवली. म्हटलं, नवऱ्याची सही लागते असं कुठे आहे ते लेखी द्या. त्यांनी वाचलं, आणि अर्ज पुढे गेला. कर्ज माझ्या एकटीच्या सहीवर मिळालं. त्या संध्याकाळी गाडा लावताना मान ताठ होती माझी.

तुम्हीही तोंडी नकार घेऊ नका, लेखीच मागा. हो, आधार आणि पासबुकावर नाव एकच आहे का ते आधी बघा; माहेरचं-सासरचं नाव झालं की अर्ज लटकतो. हप्ते वेळेवर भरले तर वर्षाला ७ टक्के दराने व्याजाचं अनुदान खात्यात येतं, पुढचं कर्ज २५ हजारांपर्यंत, मग ५०.

आणखी एक. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत, म्हणजे शहरातल्या विक्रेत्यांचे प्रश्न बघणाऱ्या समितीत, किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. निवडणूक लागली की उभ्या राहा. पालिकेच्या अतिक्रमणविरोधी गाडीवाल्यांनी माल उचलला तर उचललेल्या मालाची यादी तिथेच मागा. नाशवंत माल ठरलेलं शुल्क भरून परत मागितला की त्याच दिवशी द्यावा लागतो. भाजी त्यातच येते, उद्या या म्हणाले तरी हटू नका.