एअर रायफलसाठी पेलेटची बॅच निवडताना : माझा अनुभव

पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, घेताना मी कंपनीच्या आधी बॅच (एका खेपेला बनलेला माल) बघते. 10 मीटर एअर रायफलला लागणारं 4.5 मिमीचं, सपाट तोंडाचं, साधारण 0.53 ग्रॅम वजनाचं पेलेट चार-पाच कंपन्या उत्तम बनवतात. पण साचा वापरून झिजतो, बदलला जातो, आणि त्याच नावाच्या दोन बॅचेस एकाच बॅरलमध्ये वेगवेगळ्या वागतात. म्हणून दुसऱ्याच्या रायफलला जमलेला डबा आपल्याला जमेलच असं नाही.

डब्यावर 4.49, 4.50 किंवा 4.51 असा हेडचा, म्हणजे पेलेटच्या पुढच्या भागाचा, मिमीमधला व्यास असतो. हेड बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांवर टेकतं आणि मागचा पोकळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून फट बंद करतो. हेड सैल असेल तर पेलेट किंचित कललेलं निघतं. तरीही या आकड्यावर मी फार विसंबत नाही. मिमीच्या शंभराव्या भागाचा फरक बॅचच्या फरकात बऱ्याचदा बुडून जातो.

चाचणी हातात रायफल धरून करू नये, कारण मग मोजली जाते ती आपली पकड. स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) उतरवून रायफल क्लॅम्पमध्ये आवळायची, ट्रिगर दाबताना ती हलत नाही ना ते पाहायचं. हवेचा सिलिंडर पुरेसा भरलेला असावा. दाब उतरत आला की वेग कमी होतो आणि ग्रुप (कार्डावरच्या भोकांचा पुंजका) उभा लांबतो. दोष मात्र पेलेटच्या माथी जातो.

पेलेट बदललं की पहिले 10-15 शॉट सोडून द्यायचे. बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो, तो बदलेपर्यंत ग्रुप खरा नसतो. त्यानंतर एका कार्डावर 10 शॉट, आणि असे निदान तीन ग्रुप. पाच शॉटचा ग्रुप फसवतो. शॉट कमी म्हणून तो लहानच दिसतो. सुंदर पाच शॉटचं कार्ड दाखवून विकल्या जाणाऱ्या बॅचवर माझा विश्वास बसत नाही.

भोकाची बाहेरची सर्वांत मोठी रुंदी व्हर्नियरने मोजून त्यातून 4.5 वजा करायचे. बाहेरून 5.5 आलं तर केंद्रापासून केंद्रापर्यंत 1 मिमी. दशांश गुणांत मध्यापासून 0.25 मिमीपर्यंत 10.9 मिळतात, पुढे दर 0.25 मिमीला 0.1 गुण जातो, म्हणजे नेम अचूक मध्यावर असेल तर या बॅचचा सर्वांत वाईट शॉटसुद्धा 10.8 देतो. बाहेरून 7.5 आलं तर कडेचा शॉट 10.4 वर उतरतो, आणि तो नेमबाजाच्या चुकीमुळे गेलेला नसतो. तीन ग्रुपांपैकी सर्वांत लहान ग्रुप बघून हुरळून जाऊ नका, सर्वांत मोठा किती आहे ते बघा. नऊ शॉट एका भोकात आणि एक बाहेर, अशी बॅच मी घेत नाही. तो एक शॉट सामन्यात कधी येईल हे सांगता येत नाही, आणि नेमबाज उगाच स्वतःचं तंत्र दुरुस्त करत बसतो.

बाहेर गेलेल्या शॉटचं कारण कधीकधी स्कर्टमध्ये असतं. पेलेट उजेडात धरून मागून बघा : कड गोल असायला हवी. जराशी चेपलेली असेल तर हवा एका बाजूने आधी निसटते आणि पेलेट ढकललं जातं. खाली पडलेलं पेलेट परत भरू नये. स्कर्ट चेपतो, शिवाय चिकटलेली वाळू बॅरल खरवडते.

बॅच जमली की त्याच क्रमांकाचे डबे हंगामभर पुरतील इतके एकदम घ्यावेत. 500 चा डबा रोजच्या सरावात भराभर संपतो आणि तीच बॅच पुन्हा मिळेल याची खात्री नसते. डबे कोरड्या जागी ठेवावेत, दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी चढते. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. आणि बॅरल फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या बोळ्याने) साफ केलं की ग्रुप पुन्हा स्थिर होईपर्यंत काही शॉट जाऊ द्यावेत. साफसफाईनंतर लगेच घेतलेल्या कार्डावरून बॅच बाद करू नये.