आमची वाटचाल : पाचट, कुट्टी आणि युरियाची जागा

कृष्णाकाठच्या उसाच्या खोडव्यातलं (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारं पीक) पाचट, म्हणजे वाळलेली पानं, पेटवायचं नाही, बारीक तुकडे म्हणजे कुट्टी करून सरीतच कुजवायचं, एवढ्या एका कामावर आमचा व्यवसाय उभा आहे. ट्रॅक्टर, कुट्टी यंत्र आणि खत द्यायच्या पहारी एवढंच भांडवल.

बरीच वर्षं सुरळीत गेली. सांगायचंय ते त्या हंगामाचं, जेव्हा निम्म्या दरात कुट्टी करणारा एक जण आमच्या पट्ट्यात उतरला आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली. तो वरच्या गिअरमध्ये एकाच फेरीत रान उरकायचा. पीटीओचे, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याचे, फेरे मिनिटाला 540 च्या खाली आले की पाती कापत नाहीत, पाचट नुसतं लोळवतात. हातभर लांब पाचट सरीत राहिलं, पाणी तुंबलं. त्यावर लोकांनी युरिया फोकला. अमोनिया हवेत गेला, उरलेल्यातला काही नत्र साचलेल्या ओलीत नायट्रस ऑक्साइड होऊन उडाला. फुटवे पिवळे पडले, मग पाचटाला काडी लागली. आणि बोभाटा काय, तर ‘कुट्टीनं खोडवा बसतो.’ काम त्याचं, नाव आमचं खराब. ते अजून सलतं.

त्या दिवसांत वाळव्याकडचे अण्णा आमच्याकडेच राहिले. ट्रॅक्टरमागून चालत ते मूठभर कुट्टी उचलायचे, बोटाला लावून बघायचे. तुकडा बोटापेक्षा लांब निघाला की दुसरी फेरी. असं गिऱ्हाईक असलं की चालक आपोआप सुधारतो.

तोडणी झाली की बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा आणि वरंब्यावरचं पाचट सरीत ओढा. ठिबकच्या नळ्या आधी गोळा करा, नाहीतर त्या रोटरला, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याला, गुंडाळून बेअरिंगचं सील जातं. कुट्टीवर पाचटाच्या टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. हा युरिया कुजवणाऱ्या जिवाणूंसाठी. तो दिला नाही तर ते जमिनीतलाच नत्र ओढतात. उसाच्या खताचा डोस वेगळा आणि तो पहारीनंच: बुडख्यापासून 10 ते 15 सेंमी लांब, 15 ते 20 सेंमी खोल, दोन छिद्रांत 30 सेंमी. निम्मा हप्ता पंधरा दिवसांत, उरलेला साधारण 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूनं. छिद्र मातीनं बुजवा, पाणी हलकं द्या.

एकरी तीन-चार टन पाचटात 15 ते 20 किलो नत्र असतो. जाळलं की तो बहुतेक उडून जातो, कुजला तर सावकाश पिकाला मिळतो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो नत्र. दिलेल्या नत्रातला 1 टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, या आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) ढोबळ हिशोबानं एका गोणीमागे शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड सुमारे 90 किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. म्हणून माती परीक्षण करून जी गोणी कमी करता येईल ती कराच. खिशालाही तेवढीच मदत.

यंत्र कुणाचंही बोलवा, पण आत शिरण्याआधी पाती बघा. धार गोल झाली असेल तर परत पाठवा. एकच पातं नवं बसवलेलं दिसलं तरी थांबवा. समोरासमोरची जोडी बदलली नाही तर रोटर थरथरतो, आणि थरथरणारा रोटर बारीक कुट्टी देत नाही.